थुंकी लावलेली काच

मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला पर्यटकांच्या होड्या जातात. तीन वर्षांपूर्वी अशाच एका होडीत मी बसलो होतो. अंगात रबरी पोशाख होता, पाठीवर हवेची टाकी चढवायची तेवढी बाकी होती. माझ्याबरोबर पाण्यात उतरणारा मुलगा विशी-बाविशीचा असेल. त्याने माझा मास्क घेतला, काचेच्या आतल्या बाजूवर बिनदिक्कत थुंकला, अंगठ्याने थुंकी कडेपर्यंत चोळली, मास्क एकदा समुद्रात बुचकळला आणि माझ्यापुढे धरला. माझा चेहरा पाहून हसला. "सर, तुमची तुम्ही लावा. पण लावूक व्हयीच."

मी लावली नाही. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीने मास्क धुतला, खिशातल्या रुमालाने काच लख्ख पुसली आणि उतरलो. दोन मिनिटांत काच दुधी झाली. समोर कोणते मासे होते ते मला बरोबरच्यांकडून ऐकावे लागले. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट पाठीशी असूनही, आणि पृष्ठभागांचे रसायन हा रोजचा व्यवसाय असूनही, हे घडले. दुसऱ्या खेपेला मी मुकाट्याने थुंकलो. काच शेवटपर्यंत स्वच्छ राहिली.

आता 'स्वच्छ' हा शब्द मी सहज लिहून गेलो, पण घोटाळा तिथेच आहे. रुमालाने पुसलेली काच स्वच्छ की थुंकी लावलेली? या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळवायला विज्ञानाला सत्तर-पंचाहत्तर वर्षे लागली.

आधी मास्कच्या आत काय घडते ते पाहू. मास्कमध्ये डोळे आणि नाक दोन्ही असतात. त्वचेचा ओलावा आणि नाकातून निसटणारा उच्छ्वास यांमुळे आतली हवा बाष्पाने भरून जाते. साधारण ३५ अंश सेल्सियसला बाष्पाने संपृक्त झालेल्या एक घनमीटर हवेत सुमारे ४० ग्रॅम पाणी असते. बाहेर समुद्राचे पाणी २७ अंशांचे धरले, तर काचही तेवढीच थंड होते आणि तिला टेकलेली हवा घनमीटरमागे २६ ग्रॅमच बाष्प धरू शकते. उरलेल्या १४ ग्रॅमनी काचेवर उतरायचे. मास्कमधली हवा दीडशे मिलिलिटर धरा आणि मुलांना हिशेब करायला सांगा. उत्तर येईल सुमारे २ मिलिग्रॅम. एवढ्याशा पाण्याने मी आंधळा झालो होतो. (प्रत्यक्षात त्वचेतून बाष्प येतच राहते, त्यामुळे पाणी वाढत जाते. पण सुरुवात एवढ्यावरच होते.)

आता हेच २ मिलिग्रॅम पाणी शंभर चौरस सेंटीमीटर काचेवर सारखे पसरवले तर थर किती जाडीचा होईल? एका मिलिमीटरचा पाच हजारावा भाग. दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही कमी. असा थर डोळ्याला दिसणारसुद्धा नाही, त्यातून समुद्र स्पष्ट दिसेल. पण तेच पाणी हजारो बारीक थेंबांच्या रूपात बसले, तर प्रत्येक थेंब एक इवलेसे भिंग होतो आणि प्रकाश वाटेल तसा वळवतो. त्या सगळ्या भिंगांनी मिळून केलेल्या गोंधळाला आपण धुके म्हणतो. म्हणजे काच दुधी करतो तो पाण्याचा आकार. पाणी तेवढेच असते, फक्त ते थेंबांत बसायचे की पसरायचे एवढाच प्रश्न असतो.

हे ठरवते काच. पाण्याचा थेंब पृष्ठभागाला ज्या कोनात टेकतो त्याला स्पर्शकोन म्हणतात. ही कल्पना थॉमस यंग या इंग्रज वैद्याने १८०५ मध्ये मांडली. प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे त्याचे नाव पाठ्यपुस्तकात येते तोच हा यंग. मेणावर थेंब गोळी होऊन बसतो, कोन मोठा असतो. खरोखर स्वच्छ काचेवर पाणी पसरते, कोन शून्याजवळ जातो. मग रोजच्या काचेवर थेंब का दिसतात? कारण रोजची काच खरोखर स्वच्छ नसतेच. पण हे 'कारण' एवढ्या सहज म्हणता येईल अशी स्थिती एकोणिसाव्या शतकात नव्हती.

१८४२ मध्ये क्योनिग्सबर्ग इथले भौतिकीचे प्राध्यापक लुडविग मोझर यांनी एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. घासून चकचकीत केलेल्या पत्र्यावर किंवा काचेवर नाणे काही वेळ ठेवायचे, मग उचलायचे. पृष्ठभागावर काहीच दिसत नाही. पण त्यावर तोंडाची वाफ सोडली की नाण्याचे चित्र उमटते! तेव्हा छायाचित्रण नुकतेच जन्मलेले, डागेरच्या पद्धतीला तीनच वर्षे झालेली. त्या वातावरणात मोझरना वाटले की प्रत्येक वस्तूतून एक अदृश्य प्रकाश बाहेर पडतो आणि अंधारातही चित्र काढतो. पुढच्याच वर्षी वाईडेले नावाच्या संशोधकाने दाखवले की यात प्रकाशाचा काही संबंध नाही. पृष्ठभागावर वायूंचे जे अदृश्य आवरण बसलेले असते त्यातल्या फरकामुळे वाफ कुठे कमी, कुठे जास्त, कुठे वेगळ्या तऱ्हेने बसते. मोझर चुकले, पण त्यांनी एक उपकरण जगाच्या हाती दिले. तोंडाची वाफ! कुठल्याही तराजूवर मोजता येणार नाही असा मळ ती दाखवू शकत होती.

पण मळ म्हणजे किती मळ? या प्रश्नाचे उत्तर एका स्वयंपाकघरातून आले, आणि विज्ञानाच्या इतिहासात मला अतिशय आवडणारा हा प्रसंग आहे. जर्मनीतील ब्राउनश्वाइग शहरात आग्नेस पोकेल्स ही मुलगी (जन्म १८६२) आजारी आईवडिलांची सेवा आणि घरकाम करीत होती. मुलींना विद्यापीठाची दारे बंद होती. भांडी धुताना खरकट्या, तेलकट पाण्याचा पृष्ठभाग वेगळा वागतो हे तिच्या लक्षात आले. विशीच्या आसपास तिने पत्र्याचे एक लांबट पसरट भांडे केले, त्यातल्या पाण्यावर पत्र्याची पट्टी आडवी ठेवून सरकवली, म्हणजे पाण्यावरची तेलाची साय हवी तेवढी दाबता किंवा पसरता येई. आणि एका छोट्या चकतीला पाण्यावरून उचलायला किती जोर लागतो हे तराजूने मोजून ती पृष्ठताण काढू लागली. सुमारे दहा वर्षे तिने हे काम एकटीने केले. १८९० मध्ये इंग्लंडमधील लॉर्ड रॅले यांचे याच विषयावरचे प्रयोग तिच्या वाचनात आले. पाण्यावर पसरलेला ऑलिव्ह तेलाचा थर मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या दीडपट एवढा पातळ असला, तरी तो पाण्याचे वागणे बदलतो, असे रॅलेंना दिसले होते. जानेवारी १८९१ मध्ये तिने त्यांना जर्मनमध्ये पत्र लिहिले. रॅलेंनी ते भाषांतर करून घेऊन शिफारशीसह 'नेचर'कडे पाठवले आणि १२ मार्च १८९१ च्या अंकात ते छापून आले. स्वयंपाकघरातल्या भांड्यातले काम मोठ्या शास्त्रज्ञाने आपल्या कामाच्या बरोबरीने मांडले, यात दोघांचेही मोठेपण आहे. ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने १९३२ मध्ये, तिच्या सत्तरीत, तिला सन्मान्य डॉक्टरेट दिली.

पोकेल्सच्या भांड्याने शिकवले ते हे, की एका रेणूइतक्या जाडीच्या चरबीच्या थरानेसुद्धा पृष्ठभागाचा स्वभाव पालटतो. रॅले हे विसरले नाहीत. वीस वर्षांनी, १९११ मध्ये, ते काचेकडे वळले. काचेवरून त्यांनी एक बारीक, तीव्र ज्योत पटकन फिरवली. काच होती तशीच दिसत होती. मग तिच्यावर वाफ सोडली. सगळी काच पांढुरकी झाली, पण ज्योत गेली होती तेवढी वाट काळी, पारदर्शक राहिली. तिथे पाणी बसले नव्हते असे नाही. तिथे ते थेंब न होता पसरले होते. रॅलेंचा निष्कर्ष असा, की ज्योतीने काचेवरची स्निग्धता जाळून टाकली. यावर वाद झाला. हवेतल्या धूलिकणांभोवती ढगांचे थेंब कसे बनतात हे दाखवणारे स्कॉटलंडचे जॉन एटकेनही त्या चर्चेत उतरले. ज्योत काचेवरून काही घेऊन जाते की काही ठेवून जाते, हा प्रश्न पुढची दहा-बारा वर्षे धुमसत राहिला. पण मला रॅलेंची ती काळी वाट पुरेशी बोलकी वाटते. मी होडीत रुमालाने पुसलेली काच म्हणजे त्या वाटेच्या बाहेरची काच. बोटांचे तेल, चेहऱ्याचे तेल, रुमालात असलेले आणखी काही, हे सगळे मी तिच्यावर नीट पसरवले होते.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. एक जुना आरसा घ्या आणि त्याचे तीन भाग कल्पा. एक तसाच ठेवा. दुसऱ्यावर कोरडा साबण घासून, फडक्याने तो दिसेनासा होईपर्यंत पुसा. तिसऱ्यावर बटाट्याची ताजी चकती फिरवा आणि हलकेच पुसा. मग गरम पाण्याच्या पातेल्यावर आरसा धरा. पहिला भाग लगेच पांढरा होईल, इतर दोन बराच वेळ तोंड दाखवतील. मुलांना हिवाळ्यात हा प्रयोग विशेष आवडतो. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे आणि दुसरे तेलाकडे. काचेवरच्या तेलाशी ते आपली शेपटी जुळवते आणि पाण्याकडे आपले जलप्रेमी डोके करते. त्यात साबणामुळे पाण्याचा पृष्ठताणही कमी होतो. पाणी पसरते.

थुंकीचे काम थोडे वेगळे. तिच्यात ९९ टक्के पाणीच असते, पण उरलेल्या भागात म्युसिन नावाची प्रथिने असतात. त्यांच्या लांब साखळीला साखरेच्या असंख्य फांद्या फुटलेल्या असतात, आणि साखरेला पाण्याची ओढ किती असते हे पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा पाहिलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. हे रेणू काचेला चिकटतात आणि वर पाणी धरून ठेवणारा पातळ थर तयार होतो. म्हणूनच त्या मुलाने मास्क एकदाच बुचकळला. खळखळून धुतला असता तर हा थरही गेला असता.

समुद्रात उतरणाऱ्यांनी हे सगळे कधी शोधले ते सांगता येणार नाही. जपानमध्ये टाकीशिवाय, नुसत्या दमावर बुडी मारून शिंपले काढणाऱ्या 'आमा' स्त्रिया चष्म्याची काच ओल्या योमोगीच्या, म्हणजे आपल्याकडच्या दवण्याच्या गोतातल्या एका झाडाच्या, पाल्याने पुसतात. युरोपात १९३० नंतरच्या दशकात भूमध्य समुद्रावर हौशी पाणबुड्ये जमू लागले, तेव्हा सुरुवातीला दोन डोळ्यांना दोन वेगळ्या काचा असत आणि नाक बाहेर असे. पण खोल गेले की बाहेरच्या दाबाने चष्मा डोळ्यांवर रुततो आणि आतला दाब वाढवायला काही मार्ग नसतो. नाक मास्कच्या आत घेतले की नाकाने थोडी हवा सोडून दाब सारखा करता येतो. डोळे वाचले, पण त्याच नाकाने बाष्पही आत आणले. जून १९४३ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बांदोलजवळ नौदल अधिकारी झाक-ईव्ह कुस्तो हे एमिल गान्याँ या अभियंत्याबरोबर बनवलेले, मागणीप्रमाणे हवा पुरवणारे नवे उपकरण घेऊन पाण्यात उतरले. आजच्या स्कूबाची ती सुरुवात. त्या दिवसाचे वर्णन कुस्तोंनी आपल्या 'द सायलेंट वर्ल्ड' या पुस्तकात केले आहे. त्यात वाल्व्ह आणि टाक्यांबरोबर हेही आहे, की उतरण्याआधी त्यांनी मास्कमध्ये थुंकून तो लाटेत विसळला, आत धुके धरू नये म्हणून.

धुक्याची खरी किंमत मात्र समुद्राबाहेर मोजावी लागली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांच्या काचा वाफेने आंधळ्या होत, आणि ऐन हल्ल्यात मुखवटा काढून काच पुसणे म्हणजे मरण. ब्रिटिश सैनिकांना मुखवट्याबरोबर काचेला लावायच्या मलमाची डबी मिळे. फ्रेंचांच्या तिसो मुखवट्यात तर आत घेतलेला कोरडा श्वास आधी काचांवरून फिरवून मग नाकाकडे नेला होता. हा दुसराच मार्ग आहे. पाण्याचा आकार बदलण्याऐवजी पाणीच हटवायचे.

हे दोन मार्ग एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत, हे जीन सर्नन यांना पृथ्वीपासून काहीशे किलोमीटर वर कळले. ५ जून १९६६. जेमिनी-९ए यानातून सर्नन बाहेर पडले. यानाच्या मागच्या भागात जाऊन तिथे ठेवलेले रॉकेटचे पाठीवरचे यंत्र चढवायचे आणि त्यावर बसून फिरायचे, अशी योजना होती. टॉम स्टॅफर्ड आत होते. हवा भरलेला पोशाख फुग्यासारखा ताठ, कोपर वाकवायलाही जोर लागे. पाय रोवायला जागा नाही, त्यामुळे एक खटका फिरवायला गेले की स्वतःच फिरत. सर्नन घामाघूम झाले, नाडी मिनिटाला सुमारे १८० पर्यंत गेली. पोशाखात थंडावा देण्यासाठी फक्त प्राणवायूचा प्रवाह होता. एवढी उष्णता आणि एवढा घाम वाहून नेणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. शिरस्त्राणाची काच आतून धुक्याने भरली. पुसणार कशाने? हात बाहेर, काच आत. त्यांनी नाक काचेवर घासून एक छोटे भोक पाडले आणि त्यातून पाहू लागले. शेवटी स्टॅफर्डनी काम थांबवायला सांगितले. सर्नन जवळजवळ न दिसणाऱ्या डोळ्यांनी, चाचपडत, यानाच्या दारापर्यंत परत आले. एकूण २ तास ७ मिनिटे ते बाहेर होते. पुढे डिसेंबर १९७२ मध्ये चंद्रावरून शेवटी पाय उचलणारा माणूस म्हणून ते प्रसिद्ध झाले, पण त्या दिवशी ते आत पोहोचले हेच मोठे.

पुढच्या जेमिनी मोहिमांत बाहेर पडण्याच्या जरा आधी काच धुकेरोधक द्रावणाने पुसण्याची पद्धत ठेवली गेली. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने याच कामासाठी केलेल्या एका मिश्रणात द्रव अपमार्जक, शुद्ध पाणी आणि प्राणवायूत पेट न घेणारे तेल एवढेच होते. साबणाचा चुलतभाऊच म्हणायचा. पण ज्याला नुसते द्रावण पुरत नाही तो घाम कमी करण्याचे कामही झाले. नोव्हेंबर १९६६ च्या जेमिनी-१२ साठी बझ ऑल्ड्रिन यांनी पोहण्याच्या तलावात पाण्याखाली सराव केला, पाय अडकवायला खोबण्या आल्या, आणि अपोलोच्या पोशाखात पाणी फिरणाऱ्या नळ्यांचा अंगरखा आला.

औषधाला त्याचे दुखणेही असते. एप्रिल २००१ मध्ये कॅनडाचे क्रिस हॅडफील्ड अंतराळ स्थानकावर मोठा यांत्रिक हात बसवत असताना त्यांचा डावा डोळा भयंकर झोंबू लागला आणि मिटला. पृथ्वीवर अश्रू ओघळून जातात आणि डोळा धुतला जातो. तिथे ओघळायला 'खाली' नाही. अश्रूंचा गोळा डोळ्यावर फुगत गेला आणि नाकाच्या दांड्यावरून दुसऱ्या डोळ्यात शिरला. दोन्ही डोळे गेले. वाट पाहत, डोळे मिचकावत, हळूहळू त्यांना दिसू लागले आणि त्यांनी काम पुरे केले. शोध घेतल्यावर दोषी सापडले ते काचेला लावलेले धुकेरोधक द्रावण. पुढे लहान मुलांच्या शाम्पूसारखे, डोळ्यांना न झोंबणारे मिश्रण वापरू लागले, असे त्यांनी नंतर सांगितले.

२०२० आणि २०२१ साली तोंडावर पट्टी आणि नाकावर चष्मा घेऊन ज्यांनी शिकवले, त्या शिक्षकांना या सगळ्यातले काहीच नवीन वाटणार नाही. चष्मा साबणाच्या पाण्यात बुडवून न पुसता वाळू द्यावा, ही सूचना इंग्लंडच्या शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात २०११ सालीच आली होती.

मालवणहून येताना मी स्वतःसाठी एक नवा मास्क घेतला. पुढच्या वर्षी तो घेऊन त्याच होडीत बसलो, निःसंकोच थुंकलो, चोळले, बुचकळले. तरी काच दुधी! मुलाने मास्क हातात घेऊन काचेवरून बोट फिरवले. "नवो आसा. पेस्ट लावलास?" नव्या मास्कची कड सिलिकोनची असते आणि बनवताना, डब्यात पडून राहताना त्याचा अतिशय पातळ थर काचेवर चढतो. सिलिकोनवर पाणी थांबत नाही, थुंकीही धड चिकटत नाही. साबणाने हा थर सहज निघत नाही. तो घासूनच काढावा लागतो, आणि त्यासाठी काचेवर चरे न पाडता घासणारी, घरात असणारी वस्तू म्हणजे दात घासायची पेस्ट. काच मात्र खरी काच असावी, प्लॅस्टिकवर पेस्टने चरे पडतात. संध्याकाळी खोलीवर मी आतली काच पेस्टने तीनदा घासली, धुतली, आणि दर वेळी तिच्यावर वाफ सोडून पाहिली. पहिल्या खेपेला काच सगळी पांढरी. दुसऱ्या खेपेला मधोमध एक पारदर्शक बेट, कडेला पांढरी पट्टी. तिसऱ्या खेपेला ती पट्टी फक्त डाव्या कोपऱ्यात, जिथे अंगठा पोहोचत नव्हता, तेवढी उरली.